सोपीव खात्याचे मास्तर

भिंतीवर कुठलीही नवी सूचना लागली की मास्तर एकच विचारायचे, "आणि चावी कोणाकडे?" दुबईतल्या अल क्वोजच्या आमच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते, त्याआधी रत्नागिरीकडच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. शाळा सुटली, इतिहास काही सुटला नाही.

चहाच्या सुट्टीत ते मला द्विदल राज्यपद्धती समजावत. "इंग्रजांनी एकोणीसशे एकोणीसच्या कायद्याने प्रांतांचा कारभार वाटून दिला. शिक्षण, आरोग्य आपल्या मंत्र्यांकडे, ती सोपीव खाती. पोलीस, तिजोरी गव्हर्नरकडे, ती राखीव. शाळेला छप्पर नाही म्हणून शिव्या मंत्र्याला, आणि तिजोरी साहेबाच्या खोलीत!" एवढं बोलून ते इतके हसत की फोर्कलिफ्टवाला वळून बघायचा.

मग कंपनीने कर्मचाऱ्यांची समिती काढली. मास्तर निवडून आले. समितीच्या वाट्याला आली शारजाहून येणारी बस. ती रोज ट्रॅफिकमध्ये अडकायची, लेट मार्क लागायचा आणि लोक मास्तरांवर उखडायचे. बस लवकर सोड म्हटलं तर ड्रायव्हर म्हणे, टायमिंग एचआर ठरवतं.

मास्तर समितीचा राजीनामा लिहूनच एचआरच्या मॅडमकडे गेले. मी सोबत होतो.

"मॅडम, गाली मैं खाऊं और घडी आपके पास? घडी दीजिए, नहीं तो ये लीजिए."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "ठीक है मास्टरजी. टायमिंग कमिटी का. खलास."

दुसऱ्या दिवसापासून बस अर्धा तास आधी सुटू लागली, कोणासाठीही न थांबता. तिसऱ्याच दिवशी ती मास्तरांना टाकून आली! टॅक्सीने घामाघूम होऊन पोचले, लेट मार्कवर सही केली आणि म्हणाले, "आता खरं राज्य आलं, बाबा!" दिवसभर खुशीत होते.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. समिती ते माझ्या हाती देतील, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. पण ते म्हणाले, "मी नेमलं तर तू गव्हर्नरचा माणूस ठरशील. मतं घ्या." जाण्याच्या दिवशी स्वतःही मत टाकून आले. मी एका मताने पडलो. एक मल्याळी इलेक्ट्रिशियन निवडून आला.

विमानतळावर मला राहवेना. "मास्तर, तुमचं मत कोणाला?"

"गुप्त असतं ते," ते म्हणाले, आणि मला घट्ट मिठी मारली. "त्याला प्रश्न विचारत राहा. विरोधी बाकावरही चांगला माणूस लागतो."

मी एकही बैठक चुकवत नाही. त्या इलेक्ट्रिशियनला माझा फार ताप होतो.