चष्मा काढून बोलणारे सर

चष्मा डोळ्यांवर असला की विज्ञान, काढून हातात घेतला की मत. आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांचा हा नियम स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ होता. निवडणुकीचा विषय निघाला की चष्मा खाली यायचा. "हे माझं मत हं, परीक्षेत लिहू नका," असं ते आम्हा प्राध्यापकांनाच बजावायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्याशी वाद घालता यावा म्हणून माणसं डबा लवकर संपवतात.

मी मराठी शिकवते. माझ्या विषयावरही त्यांचं मत होतंच. "मॅडम, तुमच्या लोकांना दुःख फार आवडतं. पोटभर जेवलेल्या माणसाची एक कविता दाखवा." मी चिडून शोधायला गेले आणि सापडली नाही, याचा मला अजून राग आहे.

सर मूळचे सटाण्याकडचे. लॅबच्या जिन्याखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीशी ते अहिराणीतच बोलायचे. "कशी शे वं राणी?" राणी एका डोळ्याने आंधळी होती. पाळलीय का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "छे, आमची ओळख आहे." राजकारण समजावतानाही उदाहरण तिचंच. "हिला पाच वर्षांतून एकदा बिस्कीट टाका, शेपूटसुद्धा हलणार नाही. आपण हार घालतो."

सूर्यग्रहण असलं की सर मुलांना गच्चीवर जमवायचे. पुठ्ठ्याला भोक पाडून पांढऱ्या कागदावर सूर्य दाखवायचे आणि ग्रहण चालू असतानाच थर्मासातला चहा पुढे करायचे. ग्रहणात काही खायचं-प्यायचं नाही, असं घरून ऐकून आलेली मुलं कपाकडे बघत राहायची. सर जबरदस्ती करत नसत. "आईला विचारून प्या, मला घाई नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून मुद्दाम सांगते.

एका ग्रहणाला राणीही गच्चीवर आली. सरांनी चष्मा काढला, "हे मत हं," म्हणाले आणि तिला बिस्कीट दिलं. "हिला ग्रहण पाळायला कुणी शिकवलं नाही, तरी म्हातारी होईपर्यंत जगली." पोरं हसली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि आगापिछा कापून पुढे पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. खाली लिहिलं होतं, प्राध्यापक म्हणतात, ग्रहण पाळणारे कुत्र्याहून खालचे.

संस्थेने कमिटी बसवली. लेखी माफी मागा म्हणाले. "खुलासा देतो," सर म्हणाले, "माफी कशाची?" इतकी वर्षं गच्चीवर त्यांचा चहा पिणाऱ्या सहकाऱ्यांना त्या दिवशी गच्ची कुठे आहे तेही आठवेना. मी कमिटीपुढे गेले आणि गच्चीवर जे ऐकलं होतं ते सांगितलं. संस्थेचे चेअरमन हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही साहित्याच्या. तुम्हाला सगळ्यांचंच पटतं." माझी साक्ष तिथेच संपली.

निलंबन, पेन्शन, सगळी भीती घालून झाली. सर हलले नाहीत. मग चेअरमन सहज बोलावं तसं म्हणाले, "आवारातली कुत्री उचलायचीही तक्रार आलीय. ती लॅबखालची."

सरांनी विचारलं, "माफी लिहून दिली तर ती राहील?"

"राहील की. आम्ही काय राक्षस आहोत?"

सरांनी सही केली. पेन्शनसाठी न वाकलेला माणूस एका म्हाताऱ्या कुत्रीसाठी वाकला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सौदा वाईट नाही झाला, मॅडम."

दिवाळीच्या सुट्टीत राणीला उचललं. मालेगावच्या रस्त्याला कुठेतरी सोडली, एवढंच वॉचमनकडून कळलं. सर रोज सकाळी स्कूटर काढून द्वारका चौकातून हायवेला लागायचे आणि दिसेल त्या ढाब्यावर चौकशी करायचे. एकदा मीही मागे बसून गेले. एका ढाब्यावाल्याने विचारलं, "कोनत्या जातीची हाय, सर? भारीतली का?" "गावठी," सर म्हणाले. "मंग नाय सापडायची." घरी येऊन मी चेअरमनना फोन लावला. "मॅडम, कुत्र्याचं काय घेऊन बसलात," म्हणाले. त्या माणसाचं तोंड पाहायची मला आजही इच्छा होत नाही.

सुट्टी संपल्यावर आम्ही स्टाफरूममध्ये मुद्दाम विषय काढायचो. निवडणूक, अवकाशयान, कुणाला तरी मिळालेला पुरस्कार. सर डब्यातून मान वर न काढता "असेल" म्हणायचे. पुढच्या ग्रहणाला गच्चीला कुलूप होतं आणि त्यांनी किल्ली मागितली नाही. वाद घालायला येणारे सहकारी हळूहळू दुसऱ्या टेबलापाशी बसू लागले. त्यांना बरंच वाटलं असणार.

निवृत्तीच्या कार्यक्रमात चेअरमननी स्वतः शाल घातली. "सर अत्यंत मितभाषी," ते भाषणात म्हणाले. "आपण बरं, आपलं काम बरं. नव्या मंडळींनी हा आदर्श घ्यावा." नव्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी सरांना कधी बोलताना ऐकलंच नव्हतं.

मग माइक सरांसमोर आला. मी पहिल्याच रांगेत होते. आता तुमचं कुणी काही करू शकत नाही, आता तरी बोला, असं मनातल्या मनात म्हणत होते. सर उभे राहिले, "आभारी आहे" म्हणाले आणि शाल सावरत खाली बसले.