पप्पांची शुगर, माझं नाव

दवाखान्याच्या कागदावर मी तीन महिने चोपन्न वर्षांची होते.

झालं असं की पप्पांची शुगर बॉर्डरवर निघाली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत खाली आणा, नाहीतर गोळ्या सुरू!" आता पप्पांचं लोधीपुऱ्यात कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसायचं. गिऱ्हाईक आलं की चहा, नाही आलं की टेन्शनचा चहा! दोन्हीत साखर तीन चमचे.

तेवढ्यात दवाखान्यात शुगर टाळायचा ग्रुप निघाला. रोज सकाळी नदीवर राजघाटाला चालायचं, सुरुवातीला आणि शेवटी वजन.

"पप्पा, तुमचं नाव देते."

"पोळ्यानंतर बघू."

"पोळा झाला की!"

"मग दिवाळीनंतर."

शेवटी मीच मोबाइलवर फॉर्म भरला. (मी जाम फास्ट टाइप करते. मला त्याचा घमंड होता. होता!) 'बदलायला तयार आहात का?' असं विचारलं होतं. मी सरळ 'पूर्ण तयार'वर टिक केलं. पप्पांना न विचारता!

चार दिवसांनी दवाखान्यातल्या ताई यादी घेऊन दारात. "पल्लवी मावशी आहेत का? वय चोपन्न?"

मम्मीनं माझ्याकडे बघितलं. मी फॉर्म उघडला. वय पप्पांचं, वजन पप्पांचं, शुगर पप्पांची... आणि नाव माझं! बोटं सवयीनं चालली ना यार!

"ताई, नाव बदला ना!"

"यादी वर गेली, आता काही बदलत नाही. ग्रुप फुल आहे. हां, सोबत एक जण आणू शकता." (बदलायच्या ग्रुपमध्ये काहीच बदलत नव्हतं!)

पप्पा पोट धरून हसले. "जा मावशी, जा! पूर्ण तयार आहेस ना!"

मला मात्र रडू यायला लागलं. त्यांची एकुलती एक सीट मीच खाल्ली होती!

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून दार उघडलं, तर पप्पा मफलर गुंडाळून हजर. "अंधारात घाटावर एकटी जाशील? चल."

स्वतःसाठी एक पाऊल न उचलणारा माणूस माझ्यासाठी रोज आला! मी एक राउंड मारून पायऱ्यांवर मोबाइल काढायची. पप्पा म्हणायचे, "तुझे राहिलेले मी मारतो. नाव खराब नको व्हायला." ताईंनी माझा चहा फिका केला, तर पोरीला एकटीला वाईट वाटेल म्हणून पप्पांनीही साखर सोडली. शिवाय परतताना मावा जिलबीच्या दुकानासमोर थांबायचे. "बिचारी, माझ्यापायी पहाटे उठतेस. तू खा, मी नुसता बघतो."

त्यांचा त्याग वाया जाऊ नये म्हणून मी खायची. रोज!

तीन महिन्यांनी पप्पांची शुगर खाली! गोळ्या टळल्या. मम्मीनं डोळे पुसले, मी तर पप्पांच्या गळ्यातच पडले. मग ताईंनी मला काट्यावर उभं केलं. दोन किलो वाढले होते.

पुढच्या ग्रुपचा फॉर्म पप्पांनी भरला. एका बोटानं, एकदम सावकाश. नाव माझं, वय माझं, वजन माझं, सगळं बरोबर. सोबत येणारा: पप्पा.

'बदलायला तयार आहात का?'वर त्यांनी 'पूर्ण तयार' टिक केलं. मला न विचारता!