चिकटलेल्या पानांचं पुस्तक

आमच्या घरी कुठं जायचं निघालं की आधी एकच प्रश्न येतो. आपल्यातलं कुणी तिथं गेलंय का? पालीच्या गणपतीला जाण्याआधी आत्या जाऊन आलेली होती. गर्दी कधी असते, चपला कुठं काढायच्या, जेवण कुठं बरं मिळतं, हे सगळं तिच्याकडून कळलं आणि मगच आम्ही गेलो. किहीमला चुलतभाऊ एका बंगल्यावर माळीकाम करतो, म्हणून किहीमला जायला कुणाची हरकत नसते. जिथं आपलं माणूस पोचलेलं नाही त्या गावाबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी बाबा नुसतं ऐकून घेतात. विश्वास ठेवत नाहीत.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, भूगोल घेऊन. परीक्षा झाल्यावर मे महिन्यात विभागाची सहल स्पितीला जाणार, असं सरांनी वर्गात सांगितलं. हिमाचलात, खूप उंचावर, जिथं पाऊस जवळजवळ पडतच नाही. येणाऱ्यांनी आधी त्या भागावरची निदान दोन पुस्तकं वाचायची होती. कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. पुस्तक निवडणं हासुद्धा अभ्यास आहे, म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या, म्हणून मीही हलवली. पण पुस्तक निवडतात कसं, हे मला माहीत नव्हतं. शाळेपासून आमची पुस्तकं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली असायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

घरी सांगितलं तेव्हा बाबा अंगणात जाळं शिवत बसले होते. ते आमच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी कुठं न्यायची आणि जाळं कुठं टाकायचं हे तेच ठरवतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, आपल्यातलं कुणी गेलंय का. मी नाही म्हटलं.

"मंग तिथलं सांगनार कोन?"

मी म्हटलं, पुस्तकं आहेत. जाऊन आलेल्या माणसांनीच लिहिलेली असतात.

बाबांनी जाळ्याची एक गाठ आवळली. मग म्हणाले, आण, वाचून दाखव, मग बघू. ते चौथीपर्यंत शिकलेत. दुकानावरची पाटी वाचतात, पण पुस्तक वाचायचं म्हटलं की चष्मा सापडत नाही.

आतून आई म्हणाली, "त्या पुस्तकवाल्याला इचार, मे महिन्यात बोंबील वाळत कोन घालनार. तो येतोय का म्हनावं."

तेव्हा मला कळलं की माझं जाणं आता पुस्तकावर आलंय. आणि पुस्तकही असं हवं होतं जे बाबांना पटेल. हे किती अवघड होतं ते समजायला आमच्या बंदरावरची रीत माहीत हवी.

आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की दुसऱ्या होडीवाले विचारतात, जाळं कुठं टाकलं होतं? याचं खरं उत्तर कुणी देत नाही. मासळी चांगली मिळाली असेल तर तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचं, तोंड वाईट करायचं आणि म्हणायचं, काय न्हाय रे, नुसता कचरा. आणि ज्याला काहीच मिळालं नाही तो मोठ्या आवाजात सांगतो, तिकडं जा, लय मासा हाय. बाबांनी सख्ख्या मेव्हण्याला, माझ्या मामाला, एकदा असंच उत्तरेला पाठवलं आणि स्वतः दक्षिणेला गेले. संध्याकाळी दोघं शेजारी बसून जेवले. मामालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानंही हेच केलं असतं.

अशा माणसाला मी एका अनोळखी माणसाचं कौतुक वाचून दाखवणार होते.

कॉलेजच्या ग्रंथालयात मला एकच पुस्तक मिळालं. गुळगुळीत कागद, मोठे फोटो, मुखपृष्ठावर निळं आकाश. ग्रंथपालांनी देण्याआधी एकेक पान उलटून पाहिलं आणि माझा पत्ता वाचून म्हणाले, पिशवीत नीट ठेव, वास लागता कामा नये. ते सगळ्यांनाच असं सांगतात का, हे बघायला मी नंतर दोनतीनदा काही काम नसताना तिथं उभी राहिले. परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी पुस्तक नाकाजवळ नेलं, किंवा मला तसं वाटलं. अजूनही मी ते खात्रीनं सांगू शकत नाही.

त्या पुस्तकात स्पिती म्हणजे स्वर्ग होता. माणसं देवासारखी, हवा अमृतासारखी, जेवण साधं पण मन तृप्त करणारं. मी संध्याकाळी अंगणात बसून वाचू लागले. बाबांचे हात चालू होते. थोड्या वेळानं हात थांबले.

"ह्याचं तिथं काय हाय?"

मी विचारलं, म्हणजे?

"जमीन, धंदा, काय तरी. येवढं चांगलं हाय तर सगळ्यांना कशाला बोलावतो?"

मला राग आला. सगळी माणसं काही बंदरावरची नसतात, असं मी मनात म्हटलं. पण रोग लागावा तसा तो संशय मलाही लागला. मी शेवटचं पान उघडलं. तिथं लेखकाच्या स्वतःच्या सहल कंपनीची जाहिरात होती, खाली फोन नंबर. मी ते बाबांना सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती.

पण एकदा संशय लागल्यावर मला स्वस्थ बसवेना. त्याच लेखकाचं आपल्या किनाऱ्यावरही एक पुस्तक आहे, असं मलपृष्ठावर लिहिलं होतं. मी ते शोधून काढलं. मला वाटलं, जे ठिकाण मी ओळखते त्याबद्दल हा काय लिहितो ते आधी बघावं. त्यात दिवेआगरच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा वस्तीवर अर्धं पान होतं. नाव दिलं नव्हतं, पण देवळाच्या मागचा खडक आणि वाकडी जेटी, म्हणजे आम्हीच. सकाळचे अकरा वाजले तरी या वस्तीला जाग आलेली नव्हती, असं त्यानं लिहिलं होतं. होड्या चिखलात आरामात पहुडल्या होत्या आणि माणसं घरात झोपली होती. इथं वेळेला घाई नाही, वगैरे.

मी ते परत परत वाचलं. त्या वेळी ओहोटी होती, दुसरं काही नाही. पाणी नसताना होडी चिखलातच असणार. आणि माणसं झोपलेली होती कारण रात्रभर समुद्रात होती. त्यानं कुणालाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कुणीतरी त्याला खोटंच सांगितलं असतं, ही गोष्ट वेगळी, पण निदान बोलणं तरी झालं असतं.

त्यानंतर ते पुस्तक मी बंद केलं. इथं अर्धा तास थांबून ज्यानं आम्हाला आळशी ठरवलं, त्यानं स्पितीच्या माणसांना देव ठरवलं असेल तर ते मी कसं मानणार? तीही माणसं कदाचित त्या वेळी रागावलेली असतील आणि याला ते कळलं नसेल.

दुसरं पुस्तक वर्गातल्या एका मैत्रिणीनं दिलं. तिचं घर दिवेआगरला, सुपारीच्या वाडीत. आईवडील दोघं शिक्षक, आणि घरात भिंतभर पुस्तकं. चक्रीवादळात त्यांचं छप्पर उडालं तेव्हा ती पुस्तकं भिजली होती. नंतर त्यांनी ती अंगणात उन्हाला टाकली, आम्ही मासळी टाकतो तशीच, असं तीच हसून म्हणाली. मला ते आवडावं की नाही ते कळलं नाही. पुस्तक फुगलेलं होतं. मधली बरीच पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. चिकटल्यापासून ते कुणी वाचलेलं नाही, म्हणाली.

रस्त्याच्या कामावर स्पितीत गेलेल्या एका इंजिनिअरनं ते लिहिलं होतं. त्या माणसाला तिथलं काहीही आवडलं नव्हतं. चहात मीठ आणि लोणी. वारा असा की जेवताना ताटात धूळ. डोंगर म्हणजे दगडांचे ढीग. पत्र पोचत नाही, आंघोळीचं नाव काढू नये, इथं पाहण्यासारखं काही नाही. मी वाचत होते आणि मनातून खचत होते. हे ऐकून बाबा कशाला पाठवतील?

वर पाहिलं तर बाबा जाळं बाजूला ठेवून ऐकत होते.

"हा लपवतोय," ते म्हणाले.

मी म्हटलं, तो वैतागलाय.

"वैतागलाय तर तिथं र्‍हायला कशाला? पुस्तक लिवन्याइतका र्‍हायला. काय तरी मोठं गावलंय त्याला."

मला वाटत होतं की तो बिचारा नोकरीवर होता आणि खरंच वैतागला होता. पण मी वाद घातला नाही, कारण बाबांचा स्पितीतला रस पहिल्यांदाच वाढलेला दिसत होता. एवढ्यात त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि ती मधली पानं बोटांनी चाचपली.

"ही का चिकटवली?"

मी वादळाचं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. बरोबर मधलीच कशी भिजली, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ही पानं उघड, म्हणाले, त्याशिवाय काही ठरवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी भाताच्या पातेल्यातल्या वाफेवर पुस्तक धरलं आणि सुरीच्या पाठीनं एकेक पान हळूहळू सोडवलं. काही ठिकाणी शाई पलीकडच्या पानावर गेली होती, तरी वाचता येत होतं. इंजिनिअर आणि त्याचा सोबती मधे कुठंही न थांबता सरळ वर चढून गेले होते. वर पोचल्यावर सोबत्याला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. तिथल्या लोकांनी त्याला पाठीवर घेऊन खालच्या एका गावात उतरवलं. तो वाचला.

हे बाबांना वाचून दाखवलं की माझं जाणं संपलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. पानं फाटली, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. मैत्रिणीनं वाचलेलं नव्हतं, बाबा वाचू शकत नव्हते. मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले. शेवटी ठरवलं ते प्रामाणिकपणामुळेच, असं म्हणायला मला आवडेल. पण खरं कारण बाबांचा कान होता. रोज बंदरावर खोटं ऐकणाऱ्या माणसासमोर माझं कितपत टिकलं असतं?

संध्याकाळी मी सगळं वाचलं. निळ्या ओठांसकट. आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. नंतरच्या पानांत इंजिनिअर त्या गावातल्या एका घरात सोबती बरा होईपर्यंत राहिला होता. तिथल्या म्हातारीनं आपलं अंथरूण त्याच्या सोबत्याला दिलं आणि निघताना काहीच घेतलं नाही. इतक्या तक्रारी करणाऱ्या माणसानं त्या म्हातारीबद्दल फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. चूक आमची होती, असंही लिहिलं होतं. मधे थांबायला हवं होतं.

माझं वाचून झालं. मग आई म्हणाली, झालं, आता मिळाली का अक्कल. बाबांनी तिला हातानं थांबवलं.

"परत वाच. म्हातारीचं."

मी परत वाचलं.

"तुझे सर मधी थांबनार हायत का?"

मला माहीत नव्हतं. बाबांनी तिथंच माझ्या मोबाइलवरून सरांना फोन लावायला सांगितला. सरांचं सगळं ठरलेलं होतं. वर जाण्याआधी खालच्या एका गावात मुक्काम, मुलांनी पळापळ करायची नाही, कुणाला त्रास झाला तर परत खाली. बाबांनी ते ऐकलं आणि पुन्हा फिरवून विचारलं, जसं ते होडीवरच्या नव्या माणसाला विचारतात. सर कंटाळले नाहीत, निदान आवाजात तरी नाही.

फोन ठेवल्यावर बाबा पुस्तकावरून हात फिरवत म्हणाले, "ह्यानं जाळं कुठं फाटलं ते पन सांगितलं. ह्याला आपल्यातला धर."

आणि मी गेले. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत नेलं. बोंबील कुणी वाळत घातले, ते आई मला अजूनही ऐकवते.

स्पितीत मी काय पाहिलं ते इथं लिहीत नाही. परत आले तेव्हा मे संपत आला होता. जेटीजवळ बायका सुकी मासळी उलटत होत्या. बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी घेरलं. काय गो बाय, काय होतं तिथं? एवढ्या लांब गेलीस ती?

मला त्या क्षणी खालच्या गावातलं एक स्वयंपाकघर आठवलं, आणि नदीचा एक रंग, ज्याला आमच्याकडे नाव नाही. सांगायला तोंड उघडलं.

"काय न्हाय," मी म्हणाले. "दगड. वारा पन लय."

बायकांचा हिरमोड झाला आणि त्या परत कामाला लागल्या. थोड्या अंतरावर बाबा होडीत पाणी मारत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"लय गावलंय हिला," ते आईला म्हणाले.

आईनं माझी बॅग उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "गावलं असंल तर बरं. चल आता, तिकडली रांग उलटव."