मास्तरांची गावठी पत्ती

मास्तर पत्ती आधी जिभेवर ठेवायचे, मग उन्हाकडे धरून एक डोळा मिटून तिच्यातून आरपार बघायचे. अंडीवाला बल्बसमोर अंडं धरतो ना, तसं. बघून झालं की मान हलवायचे आणि दुसरी काढायचे. नवरदेव घोड्यावर, करवली घामाघूम, भटजी लांबून घड्याळ दाखवतायत आणि मास्तर आपले तिसरी पत्ती चाटतायत. कुणी घाई केलीच तर शांतपणे म्हणायचे, "आवाज पत्तीत असतोय. पितळ काय, तांब्याभांड्यालाबी असतंय."

ज्यांचा वाजंत्र्यांशी संबंध फक्त नाचण्यापुरता आला असेल त्यांच्यासाठी सांगतो. बँडमध्ये सॅक्सोफोन नावाचं जे वाकडं पितळी वाद्य असतं, त्याच्या तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी बांधलेली असते. फुंकर घातली की ती थरथरते आणि वाद्य बोलायला लागतं. पुस्तकात तिला रीड म्हणतात, तासगावच्या बँडमध्ये पत्ती, आणि त्या बँडचा सॅक्सोफोन मास्तर वाजवायचे. मी लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे मास्तरांची नि माझी गाठ दर सीझनला मांडवात पडायचीच. वरातीत न नाचणारी माणसं दोनच, एक वाजवणारा आणि एक फोटो काढणारा. बाकीच्यांचं निरीक्षण करायला आम्हाला भरपूर वेळ मिळायचा.

पत्त्या यायच्या फ्रान्सहून. खोक्यात दहा, प्रत्येकीला प्लास्टिकचं वेगळं घर आणि त्या घरावर पुन्हा प्लास्टिकचा कागद. ते सोडवता सोडवता मास्तर पुटपुटायचे की एवढा बंदोबस्त मंत्र्यालाबी नसतोय. दहातल्या दोन-तीनच त्यांच्या पसंतीला उतरायच्या. बाकीच्या स्थळं नाकारावीत तशा नाकारल्या जायच्या. एक अंगानं जाड, एकीच्या कमरेत बाक, एक दिसायला बरी पण बोलत नाही. वाजवून झाल्यावर पत्ती काचेवर उपडी घालून सुकवायची, म्हणजे ती वाकत नाही आणि जास्त दिवस जाते, हा त्यांचा नियम. काच माझ्या स्टुडिओतून जायची. दुकानात येऊन म्हणायचे, "फोटोवाले, एक फ्रेम द्या. फोटो नको, नुसती काच."

नाकारलेली किंवा दमलेली पत्ती त्यांनी कधी उकिरड्यावर टाकली नाही. गल्लीत वाटायचे. कुणी तिनं डबीतला चुना काढायचं, कुणी निरांजनातली वात सारायचं, मी अल्बमचा वाळलेला डिंक खरवडायचो. आमच्या गल्लीत फ्रान्सचा बोरू नाही असं घर सापडलं नसतं.

म्हणून मास्तर साधे, निर्मळ वगैरे होते असं समजू नका. सूर जमला तर तो त्यांचा आणि चुकला तर पत्तीचा. दुसऱ्या बँडचा सॅक्सवाला वाजवत असला की ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी सहानुभूतीनं म्हणायचे, "पत्ती बरी हाय बिचाऱ्याची." ऐकणाऱ्याला आठवडाभर झोप लागू नये अशी ती सहानुभूती असायची.

मग एका सीझनला बँडच्या मालकांनी कीबोर्ड आणला. त्यात बासरीचं बटण होतं, सनईचं होतं आणि सॅक्सोफोनचंही होतं. मालक तसे भल्या मनाचे. त्यांनी मास्तरांना चहा पाजला आणि सांगितलं की हा सीझन तुम्ही वाजवा, पुढचं बघू. आपल्याकडे 'पुढचं बघू'चा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळतो. त्या दुपारी मास्तर माझ्या स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसले, काच न मागता. म्हणाले, "मला दुसरं काय येतंय, फोटोवाले? उसाची मोळी बांधाय सांगितली तर तीबी सुटंल."

मला त्यांची फार काळजी वाटली. एवढा तोऱ्याचा माणूस पायरीवर इतका लहान दिसेल असं वाटलं नव्हतं.

त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं तोडगा काढला. त्यानं कचकड्याची, म्हणजे प्लास्टिकची, एक पत्ती पाठवली. तिला चाटायला नको, उन्हात धरायला नको, ती चिरत नाही, वाकत नाही, वर्षानुवर्षं टिकते. आवाज तर असा की कीबोर्डच्या भोंग्यावर मात करून तीन घरं पलीकडे ऐकू जावा. मास्तरांना ती मुळीच आवडली नाही. हिला चव न्हाई, म्हणायचे. पण ट्रकवर भोंग्याशेजारी उभं राहायचं तर तीच लागायची. वाजवायचे आणि झालं की सासऱ्यापुढे जावयानं विडी लपवावी तशी घाईघाईनं खिशात टाकायचे.

अशात एक मोठं लग्न निघालं. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका बागायतदारांच्या मुलीचं. लग्न पर्यावरणपूरक करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी पुण्याहून गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई आल्या होत्या. पत्रिका अशी, की ती कुंडीत पेरायची आणि तिच्यातून झेंडू उगवायचा. मीही पेरली. माझ्या कुंडीत अजून वधूवरांची नावं तेवढी दिसतात. पत्रावळी निसर्गाच्या म्हणून परराज्यातून ट्रक भरून आल्या. मांडवात पाखरांची किलबिल हवी, तर ती स्पीकरवर लावली, कारण खरी पाखरं द्राक्षं खातात म्हणून बागायतदारांचेच गडी बागेत डबे बडवून त्यांना हाकलत होते.

विजेवरचं वाद्य चालणार नाही, असं बाईंनी सांगितलं. स्पीकरला लागणारा जनरेटर मांडवामागे होता, पण तो दिसत नव्हता. कीबोर्ड बाद झाला. बँडमालकांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे लगीन झ्याक झालं तर त्येंच्या पावण्यांची समदी लग्नं आपल्याकडं येत्यात. मग तुमी हाय तोवर बटन न्हाई." मास्तरांच्या मानेला पुन्हा पूर्वीचा ताठा आला.

मग बाई वाद्यं तपासायला आल्या. पितळ चालेल म्हणाल्या. ढोलाचं पान प्लास्टिकचं निघालं, ते नको झालं. मग कातड्याचं म्हटलं, तर ते त्याहून नको. शेवटी ढोल उलटा घेऊन लाकडावर वाजवायचा ठरला. मग त्या सॅक्सोफोनकडे वळल्या आणि त्यांना कचकड्याची पत्ती दिसली. मास्तरांनी आनंदानं खिशातली फ्रान्सची काढली. बाईंनी विचारलं, ही येते कशानं? विमानानं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग समजुतीनं म्हणाल्या, "काका, आपली स्थानिक नाही का एखादी? शाश्वत?"

इथं मास्तरांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. "हाय की. गावठी पत्ती हाय माझ्याकडं. घराण्यातली."

घराण्यात आजोबांनी सनई वाजवली होती एवढंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर कोयता घेऊन येरळेच्या पात्रात बोरू शोधत हिंडत होते. जाड, ताठ कांड्या निवडून आणल्या. पण असा बोरू एक-दोन वर्षं सावलीत मुरवावा लागतो आणि लग्न तर तोंडावर आलेलं. आता तासगावच्या माणसाला काहीही झटपट वाळवायचं झालं तर तो कुठे जाईल? मास्तर मेहुण्यांच्या बेदाणा शेडवर गेले. जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली होती, त्यांच्या शेजारी कांड्या निजवल्या.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बेदाण्याला पिवळाधमक रंग यावा म्हणून शेवटी गंधकाची धुरी देतात. हिरवट द्राक्षं धुरीतून सोनेरी होऊन बाहेर येतात हे बघून मास्तरांना मोह आवरला नाही. मेहुण्यांना म्हणाले, माझ्या कांड्यांनाबी द्या थोडी. कांड्या अशा सोनेरी झाल्या की फ्रान्सच्या खोक्यात घातल्या असत्या तर तिकडच्यांनी ओळखल्या नसत्या.

त्यांनी पत्ती तासली, काचेवर घासली आणि माझ्या पायरीवर बसून वाजवून दाखवली. दोन-चारच सूर. आवाज जरा घोगरा, सनईच्या वळणाचा, कुणी जवळ बसून समजूत घालावी असा. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांनी ओठ पुसले. जरा तिखट हाय, म्हणाले, गावठी म्हणून असंल.

लग्नात पहिलं गाणं त्याच पत्तीवर झालं. बाई डोळे पुसत मोबाइलवर चित्रण करत होत्या. दुसऱ्या गाण्याला मास्तरांचे ओठ तांबडे दिसायला लागले, तिसऱ्याला सुजले. पत्तीत मुरलेला गंधक थुंकीत उतरत होता. त्यात कच्चा बोरू भिजून पार मऊ पडला आणि ऐन अंतऱ्यात सॅक्सोफोन बदकासारखा ओरडला. वऱ्हाड थबकलं. मास्तरांनी घाम पुसायच्या निमित्तानं उपरणं तोंडावर घेतलं. त्या आडोशात हात दोनदा हलला, उपरणं खाली आलं आणि आवाज असा खणखणीत निघाला की घोडं बिचकलं. कचकड्याची होती. माझ्या कॅमेऱ्याच्या कोनातून सगळं दिसलं. बाकी कुणालाच काही कळलं नाही.

पुढची सगळी वरात प्लास्टिकवर वाजली. सुजल्या ओठांनी मास्तरांनी ती कशी निभावली हे त्यांनाच ठाऊक. शेवटी बाईंनी माईकवरून सांगितलं, की आज आपण ऐकलेला हा मातीचा सूर कुठल्याही कारखान्यात बनत नाही. टाळ्या पडल्या. बागायतदारांनी मास्तरांच्या गळ्यात मोगऱ्याचा हार घातला आणि त्यांच्या तीन पाहुण्यांनी तिथंच बँड ठरवला. मास्तरांची जागा वाचली होती.

गप्प बसायचं ना! पण माणूस पत्तीचा अपमान कसा सोसणार? त्या रात्री मांडव उतरवताना त्यांनी बँडमालकांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांना राग आला होता तो गंधकाचा नाही, टाळ्यांचा. "एवढी माणसं हुती, एकालाबी फरक कळला न्हाई. म्हंजी मी जन्मभर काय चाटत बसलो?"

मालकांनी ऐकून घेतलं. भला माणूस, पण धंदेवाला. म्हणाले, "मास्तर, बोरू कुठला नि कचकडं कुठलं हे कळंना, तर मान्सानं फुंकलं का बटनानं, हे तरी कुनाला कळनार हाय?"

 

पुढच्या सीझनच्या आधी मालकांनी एक मोठेपणा दाखवला. कीबोर्डातला सॅक्स फार पिचका आहे, तेव्हा मास्तरांचाच आवाज भरून घेऊ, असं ठरवलं. सांगलीला एका रेकॉर्डिंगवाल्याकडे मी त्यांना मोटारसायकलवरून घेऊन गेलो. एकेक सूर सुटा वाजवायचा होता, बाकीचं यंत्र बघणार होतं. मास्तरांनी खिशातून फडकं सोडलं. वर्षभर घरात सावलीला मुरवलेल्या बोरूच्या पत्त्या होत्या, धुरी न दिलेल्या. एक जिभेवर ठेवली, खिडकीशी जाऊन बघितली, बाजूला ठेवली. दुसरी घेतली. दुपार निम्मी सरली तशी रेकॉर्डिंगवाला वैतागून म्हणाला, की काका, कुठलीही लावा, पुढं सगळं मशिनमध्ये सारखंच होतं.

मास्तर खिडकीपासून वळले नाहीत. "आता तर नीट निवडाय पायजे, बाळा," ते म्हणाले. "ही आता पुन्यांदा बदलता यायची न्हाई."

संध्याकाळी एक सापडली. तिच्यावर त्यांनी एकेक सूर दिला, खालपासून वरपर्यंत, कुठेही तोरा नाही, कुठेही नखरा नाही. तसं वाजवताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. 

त्यानंतरच्या थंडीत मास्तर गेले. छातीचं दुखणं होतं म्हणे. मला ते कधी सांगितलं नव्हतं.

आता वरातीत मी कॅमेरा घेऊन ट्रकपुढे उलटा चालत असतो आणि कीबोर्डवाला ते बटण दाबतो. घोगरा, जवळ बसून समजूत घालणारा आवाज भोंग्यातून निघतो. पोरं नाचत असतात. कधीकधी कीबोर्डवाला एका हातानं फोनवर बोलत, दुसऱ्या हाताचं बोट एकाच पट्टीवर ठेवून देतो. बोट आहे तोवर मास्तरांचा सूर चालूच राहतो. माणसाचा दम संपतो तिथं तो संपत नाही, त्याच्याही पुढे जातो. मी मात्र नकळत श्वास धरलेला असतो, आणि शेवटी मलाच तो सोडावा लागतो.