शेजारी नसलेली गाणी

उल्हासनगरच्या एका गल्लीत तो स्पीकर दुरुस्त करतो. मी अमेरिकन रॉकवर परीक्षणं लिहितो आणि माझा जुना स्पीकर सारखा बिघडतो, म्हणून आमची गाठ पडत राहते. सोल्डरिंग करताना त्याचा एक कान मी मोबाइलवर लावलेल्या गाण्याकडे असतो, आणि गाणं संपायच्या आत तो निकाल देऊन मोकळा होतो.

"गिटार एक नंबर. याच्याकडे गाडी आहे, हायवे आहे, सोडून गेलेली बाई आहे. पण याचा शेजारी किधर आहे, साहेब?"

मी त्याला स्वातंत्र्य, एकटेपणा वगैरे समजावलं. तो परत सोल्डरिंगकडे वळला. पुढे त्याचंच वाक्य मी एका लेखात माझं म्हणून घातलं. लोकांना फार आवडलं.

मोठ्या आवाजाची टेस्ट घ्यायची असली की तो उठून बाजूच्या दारात जातो. "दादी, थोडा बजाऊं क्या?" आतल्या म्हाताऱ्या सिंधी बाईने हो म्हटल्याशिवाय तो व्हॉल्यूम वाढवत नाही. परवा ती नको म्हणाली. मला घाई होती, पण त्याने शांतपणे स्पीकर माझ्या हातात दिला.

"घरी वाजवून बघा. बाजूवाल्यांना विचारून."

बदलापुरात, शिरगाव भागातल्या आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर मी न विचारताच आवाज पूर्ण वाढवला. भिंती थरथरत होत्या. कोणीतरी भांडायला येईल म्हणून मी दाराकडे बघत उभा राहिलो. तीन गाणी झाली, तरी बेल वाजली नाही.