फणेरपेटीतला पैलवान

माझी नातवंडं क्रिकेटवाल्यांची कार्डं जमवतात. हा दे, तो घे, तुझा डबल हाय, मला न्हाई द्यायचा. त्यांची भांडणं ऐकत मी शेंगा फोडत बसते. आम्हीबी हेच केलं, बरं का. फक्त आमच्या वेळी क्रिकेटवाले नव्हते, पैलवान होते.

राज्य निजामाचं होतं. सिगारेटच्या पाकिटात चांदीच्या कागदामागं एक जाडसर तसबीर यायची. लंगोट लावलेला, मिशीला पीळ दिलेला पैलवान, सगळे दिसायला सारखेच, अन् खाली उर्दूत त्याचं नाव. आमच्या गावात सगळे बिडी-चिलीमवाले. सिगारेट ओढायचे ते तहसिलीकडून दौऱ्यावर आलेले कारकून. ते गेले की रिकामी पाकिटं आम्ही गोळा करायचो. गावाचं नाव सांगत न्हाई, जाफराबादकडचं समजा. का सांगत न्हाई, ते कळेलच.

आम्ही म्हंजे मी अन् माझी मारवाड्याची मैत्रीण. तिच्या बापूजींचं किराणा दुकान होतं. पाकिटं त्या दुकानातून विकली जायची म्हणून तिला वाटायचं, तसबिरींवर आपला हक्क जास्त. नावं मी वाचायचे म्हणून मला वाटायचं, माझा जास्त. मला शाळा न्हाई. भाऊ जालन्याला उर्दू शाळेत होता, सुट्टीत आला की मी त्याच्या पाटीला चिकटायचे. बाळबोध तशीच शिकले, अन् उर्दू शिकले ती पैलवानांच्या पायाशी. शेवटी दोघींनी ठरवलं की पेटी एक, मालकी सारखी, अन् बाहेर जाणारी तसबीर दोघींच्या हुकमानंच जाईल.

शेजारी एक वहिनी राहायच्या. त्यांचा नवरा कुस्तीगीर. वर्षामागं हैदराबादला कुठल्याशा तालमीत गेल्ता, तो पुन्हा आलाच न्हाई. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. घरात सासू अन् एक तान्ही पोर. सासू येता-जाता म्हणायची, "हिच्या पायगुणानं गेला." वहिनी ऐकून घ्यायच्या अन् जात्यावर दळण जास्त घालायच्या.

एक दिवस आम्ही दोघींनी ओट्यावर तसबिरी मांडल्या होत्या. वहिनी घागर घेऊन थांबल्या, वाकल्या, अन् त्यातली एक उचलली.

"हे तर आमचे," त्या हळू म्हणाल्या.

"कशावरून?"

"कान बघ की."

डावा कान मोडलेला होता, सुकलेल्या अंजिरासारखा. गावातल्या पैलवानाचा कान तसाच होता, हे मलाबी आठवत होतं. मी म्हणाले, "खाली नाव लिवलंय वहिनी. वाचू का?"

त्यांनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप गं. लाज वाटती."

त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, दुसऱ्यानं घेतलं तरी मान खाली घालायची. अन् मला तरी त्याचं खरं नाव कुठं ठाऊक होतं? सगळं गाव त्याला पैलवान म्हणायचं, आम्ही पोरी पैलवानकाका. मैत्रिणीनं तोंड वाकडं केलं, पण हुकूम दिला. "ठेवू दे तिला. नवरा हाय तिचा." वहिनींनी तसबीर आपल्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीत, आरशाच्या मागं ठेवली.

त्यानंतर वहिनींची चालच बदलली. सासूनं टोमणा मारला की त्या आत जायच्या, पेटी उघडायच्या, अन् हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर यायच्या. मला त्यांचं हसू बघून फार बरं वाटायचं, जसं काही मीच त्यांचा नवरा पाकिटातून काढून दिला.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्या ओसरीवर बाया जमल्या. तिळगूळ झाला, वाण झालं, अन् कुणीतरी वहिनींना छेडलं. "घे की नाव. का विसरलीस?"

"विसरंन कशी," वहिनी म्हणाल्या. ताठ बसल्या अन् उखाण्यात नाव घेतलं. बायांनी वाहवा केली. माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. तसबिरीखाली ते नाव नव्हतं. त्याच्या आसपासचंबी न्हाई.

रात्रभर मी स्वतःला समजावलं, आखाड्यात नाव बदलत असतील. पण खाली गावबी लिहिलेलं होतं, पंजाबकडचं. अन् सकाळीच वहिनी मायला सांगायला आल्या. आठवड्यानं त्यांच्या चुलतभावाच्या कापसाच्या गाड्या जालन्याच्या सरकी काढायच्या जिनला निघणार होत्या. त्या पोरीला घेऊन गाडीत बसणार, जालन्याहून रेल्वे धरणार. "तसबीर दाखवली की कुणीबी पत्ता सांगंल. आता ते मोठे झालेत न्हवं."

एवढी तान्ही पोर कडेवर घेऊन ही बाई परमुलखात एका परक्या माणसाचा पत्ता विचारत फिरणार. मी मायला आडून विचारलं, सांगावं का एखादीला, तिची समजूत चुकली असंल तर? माय भाकरी थापत म्हणाली, "कुणाच्या कुंकवात आपण हात घालू नये." मंग मैत्रिणीला विचारलं. कुणाचं, काय, ते सांगितलं न्हाई.

ती म्हणाली, "आमचे बापूजी कीड दाखवूनच धान्य विकतात. गिऱ्हाईक गेलं तरी चालंल म्हणतात."

"अन् गिऱ्हाईक रडलं तर?"

"त्याचं बापूजी काय म्हणत न्हाईत."

दुपारी सासू शेताकडं गेल्यावर मी आमची पेटी घेऊन वहिनींकडं गेले. तोंडानं सांगायचा धीर नव्हता. मी सगळे पैलवान त्यांच्यासमोर ओळीनं मांडले अन् म्हणाले, "कान बघा वहिनी."

त्या बघत गेल्या. एकाचा डावा, एकाचा उजवा, बऱ्याच जणांचे दोन्ही. सगळे मोडलेले.

"सगळ्यांचेच?"

"कुस्तीत घासून होतात, असं भाऊ म्हणतो."

"अन् आमच्या तसबिरीखाली काय लिवलंय?"

मला ते पाठ होतं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. ह्या वेळी त्यांनी हात आडवा धरला न्हाई. मंग उठल्या, फणेरपेटी आणली, आरसा उचलला. त्या परक्या पैलवानाच्या कपाळावर हळद होती, कुंकू होतं, पायाशी तांदळाचे दोन दाणे चिकटले होते. वहिनी रोज न्हाऊन आल्या की त्याला कुंकू लावून राह्यल्या होत्या.

"माय गं," त्या म्हणाल्या, "कोण कुठला बाप्या, अन् मी त्याच्या पाया पडून राह्यले." अन् एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरले, पदर तोंडात कोंबला. मलाबी हसू आवरेना, अन् रडूबी. पाळण्यातली पोर जागी झाली.

मंग त्यांच्या लक्षात आलं, की हे सासूला कळलं तर घरात जागा राहायची न्हाई. त्यांनी माझं मनगट धरलं. "तू कुणाला सांगशील?"

"न्हाई."

"मैतरणीला?"

त्या तसबिरीची अर्धी मालकीण होती ती. तरी मी म्हणाले, "तिलाबी न्हाई." त्यांनी पदराच्या टोकानं कुंकू पुसून पाहिलं, ते आणखीच पसरलं. मंग माझ्याकडं बघून विचारलं, "जाळू?" मी मान हलवली. पैलवान चुलीत गेला. जाड कागद होता, लवकर पेटला न्हाई.

ते झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता ह्यांचं लिहून दे. उर्दूत. माझा भाऊ जाईल हुडकायला." अन् त्यांनी नाव घेतलं. उखाणा न्हाई, लाजणं न्हाई. बाजारात मिठाचं नाव घ्यावं तसं सरळ, दोनदा, मला बराबर लिहिता यावं म्हणून. वरून म्हणाल्या, "डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग हाय, तेबी लिव. कानाचं लिवू नको."

वहिनींचा चुलतभाऊ गेला कापसाच्या गाडीतून. पैलवान सापडले, एवढंच सांगते. कसे सापडले, घरी आले तेव्हा काय बोलणं झालं, ती वहिनींची गोष्ट, अन् त्यांनी ती मला कधी सांगितली न्हाई. आता त्या न्हाईत, सासूबी न्हाई. म्हणून एवढं तरी लिहिते.

मैत्रिणीपुढं मात्र मला तसबीर जाळली त्याच संध्याकाळी उभं राहावं लागलं. म्हणाले, "ती तसबीर गेली. आता परत मिळायची न्हाई. कशी गेली, ते मला सांगता येत न्हाई."

ती भांडणारी पोर होती, अर्ध्या खडीसाखरेसाठीबी भांडायची. मी तयारीनंच उभी होते.

"बिलकुल सांगता येत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"बरं," ती म्हणाली, अन् पेटी पुढं ओढून उरलेले पैलवान लावायला बसली.