करवंटीखालची किल्ली

आमच्या वाडीत घराची किल्ली लपवायच्या जागा चारच. तुळशीवृंदावनाचा कोनाडा, पडवीचा वासा, पाट्याच्या मागची फट, नाहीतर उपडी घातलेली नारळाची करवंटी. पिढ्यान्‌पिढ्या याच चार. आणि प्रत्येकाला वाटतं की आपली जागा ब्रह्मदेवालासुद्धा सापडायची नाही. मलाही वाटायचं. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तरी माझी किल्ली पाट्याच्या मागेच असायची. शिक्षणाने सगळं सुधारतं असं नाही.

बाबली माझा विद्यार्थी आणि माझा शेजारी. त्याच्या घराची पडवी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसते, मध्ये फक्त गडगा, चिऱ्याची कमरेएवढी भिंत. वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा, हुशार नाही आणि दंगेखोरही नाही. मोठेपणी मासेमारीच्या बोटीवर गेला, तिथलं काम सुटलं, आणि पुढच्या वर्षभरात त्याने वाडीतली सात बंद घरं उघडली. माणसं मुंबईला, घराला कुलूप. त्याने एकही कुलूप तोडलं नाही. किल्ली काढायची, आत जायचं, हंडा, घंगाळ, समई उचलायची, पुन्हा कुलूप लावायचं आणि किल्ली होती तिथे ठेवायची. चतुर्थीला मंडळी आली तेव्हा कुठे बोंब झाली. त्यात माझं घरही होतं. मी पुण्याला लेकीकडे गेले होते आणि माझ्या वडिलांची पितळी समई गेली. ती अजून मनातून जात नाही.

तो सापडला तो दत्तारामामुळे. दत्ताराम वैभववाडीकडचा, चोरीची भांडी घाटावर पोचवणारा. नांदगाव स्टेशनात तो गोणत्यासकट पकडला गेला आणि पहिल्या थपडेत त्याने बाबलीचं नाव सांगितलं. दोघांनाही शिक्षा झाली. बाबलीची आई त्या धक्क्याने गेली असं लोक म्हणतात. ती आधीपासून आजारी होती हे मला ठाऊक आहे, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? मागे राहिली त्याची मोठी बहीण सुगंधा. लग्न केलं नाही, काजूच्या कारखान्यात जायची, मान खाली घालून यायची. चोराची बहीण म्हणून तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी ऐकलंय. थोडं मीही बोललेय. आता लाज वाटते.

चार वर्षांनी बाबली सुटून आला तेव्हा सुगंधा दारातच उभी राहिली. मी खिडकीत होतेच.

"जेवक घालीन," ती म्हणाली. "रातचो आत निज. पण किल्ली तुका गावची नाय. मी नसताना ह्या घरात पाऊल टाकूचा नाय."

"बरां," बाबली म्हणाला. एवढंच.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. मी त्याला पायरीवरच थांबवलं.

"बाई, तुमची किल्ली पाट्यामागे आसा. जागो बदला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, जेलातून येऊन माका अक्कल शिकवतंस? समई खंय माझी?"

त्याने मान खाली घातली. "ती इतळली, बाई. परत गावची नाय. म्हणान तर सांगतंय, जागो बदला."

असा तो घरोघर फिरला. लोकांनी शिव्या दिल्या आणि जागा बदलल्या. बदलल्या म्हणजे काय, तर तुळशीतली किल्ली वाशावर गेली आणि वाशावरची तुळशीत. आमच्या डोक्यात पाचवी जागा येईच ना! फकरुद्दीनचाचा तेवढे वेगळे निघाले. त्यांचं बंदराकडे किराणा दुकान आणि दुकानामागे वीस माड. ते म्हणाले, "माका कसली जागो सांगतंस? माझ्या घरात माझी बायको फातिमा आसा, तीच कुलूप. तू माड चढशील काय? वर चोरूक नारळाशिवाय काय नाय."

अशा रीतीने बाबली पाडेली झाला. माडावर चढून नारळ उतरवणं हे सकाळचं काम, ऊन वर आलं की संपतं. चाचांचे माड बघून आणखी दोघांनी बोलावलं, मग पर्यटकांच्या निवासवाल्यांनी, आणि हळूहळू तारकर्लीपर्यंतचे माड त्याच्याकडे आले. माणसं त्याला कामाला बोलवायची, पण घरात नाही. पाणी अंगणात द्यायची.

दुपारी एकच्या सुमाराला तो घरी यायचा. घराला कुलूप. सुगंधा सकाळी आठला जायची, सहाला परतायची. त्याचं जेवण ती पडवीत झाकून ठेवायची. तो पाय धुवायचा, जेवायचा, ताट घासून उपडं घालायचा आणि मग पडवीच्या कठड्याला टेकून बसून राहायचा. कधी काथ्याची दोरी वळायचा. एक ते सहा, रोज. उन्हाळ्यात त्या पडवीत भट्टी पेटते. थंडीत खारं वारं हाडात शिरतं. मला वाटायचं, बरं झालं, भोग. खरं सांगते, पहिलं वर्ष मला ते बघून समाधान वाटायचं.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी मोटरसायकल आली. दत्ताराम. अंगापिंडाने सुटलेला, हातात दोन मोबाईल. मी भाजी चिरणं थांबवून कान दिला. तो बाबलीच्या शेजारी ऐसपैस बसला.

"स्वतःच्या घराच्या भायर कुत्र्यासारखो बसलंस," तो म्हणाला. "बहीण किल्ली देणा नाय ना? अरे, वाडीत आता बारा घरां बंद आसत. तू आत जाव नको. फकस्त जागे सांग. बाकीचा मी बघतंय."

"माका म्हायत नाय," बाबली म्हणाला.

"तुका म्हायत नाय? तुका?"

"सगळ्यांनी जागे बदलले. मीच बदलूक लावले."

दत्ताराम ताडकन उठला. मग एक घाणेरडी शिवी देऊन निघून गेला. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. दोन वर्षं मी समजत होते की हा आम्हाला सावध करत फिरला, भलेपणाचा आव आणत. तसं नव्हतं. तो आपल्या डोक्यातल्या किल्ल्या एकेक करून टाकून देत होता. दत्तारामासारखा माणूस दारात आला की 'नाही' म्हणायला बळ लागतं, ते आपल्याकडे असेल की नसेल याचा भरवसा नाही, म्हणून त्याने खरंच काही माहीत नाही अशी सोय करून ठेवली होती. मूल्यशिक्षणाचे तास मी घेत होते. मला हे सुचलं नसतं.

त्या दिवसापासून मी त्याला चहा द्यायला लागले. गडग्यावरून.

यंदा श्रावणात चार दिवस वारा नुसता पिसाळला होता. पाऊस सरळ न पडता आडवा मारत होता, पडवी अर्धी भिजलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचा कप घेऊन गडग्याशी गेले तर बाबली उठेना. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. छत्री सावरत मी पलीकडे गेले. तो कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता, दातावर दात आपटत होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"ऊठ, माझ्या घरात चल," मी म्हटलं. चालवत न्यायला गेले तर त्याचे पाय लटपटले आणि तो मटकन खाली बसला. सत्तरीच्या बाईच्याने तो धटिंगण उचलवणार कसा? दार तर पाठीमागे चार पावलांवर. आत खाट, घोंगडी, सगळं. मी कुलूप ओढून बघितलं. उगाचच.

"सुगंधा किल्ली घेऊन जाता काय रे?"

त्याने मान हलवली. नाही.

"मगे हंयच खंय तरी आसतली. तुका म्हायत नाय?"

डोळे मिटूनच तो म्हणाला, "म्हायत आसा."

"म्हायत आसा? कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. आवशीचीच जागो ती."

म्हणजे त्याच्या आईचीच जागा. पाऊस तोंडावर येत होता. तीन वर्षं, मी मनात म्हटलं. तीन वर्षं हा माणूस किल्लीशेजारी बसून होता. "मगे सांग खंय ती! मी काढतंय. तू हात लावू नको."

"नको, बाई." त्याने माझं मनगट धरलं, हात निखाऱ्यासारखा. "तिना माका सांगूक नाय."

मी त्याला रागावले, हट्टी म्हणाले, गाढव म्हणाले, शाळेत म्हणायचे ते सगळं म्हणाले आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. घरातून दोन चादरी आणून त्याच्याभोवती गुंडाळल्या आणि कारखान्यात फोन लावला.

सुगंधा रिक्षा करून आली, डोक्यावर प्लास्टिक, हात काजूच्या चिकाने काळे. भावाकडे एकदा बघितलं आणि ती सरळ कठड्याशी गेली. तो बसतो तिथून हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर कठड्यावर, खांबाच्या आडोशाला, एक करवंटी उपडी घातलेली होती. मी ती तीन वर्षं रोज पाहत होते. तिने करवंटी उचलली. खाली किल्ली होती. ती लगेच किल्ली घेईना. वाकून, अगदी जवळून काहीतरी बघत राहिली.

"सुगंधा, आधी दार उघड गो!" मी ओरडले.

"बाई, हंय येवा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "बघा."

किल्लीवर आडवा एक केस ठेवलेला होता. पांढरा, लांब.

"रोज सकाळी जाताना माझो एक केस ठेवतंय. किल्ली कोणी उचलली तर तो पडतलो. रोज सांजेक इल्यावर पयलो तोच बघतंय. सुरुवातीक काळो ठेवी होतंय, बाई. आता काळे गावणत नाय." तिने पदराने नाक पुसलं. "एक दिवस केस हललेलो दिसलो की ह्येका कायमचो भायर काढूचो, असा ठरवलंलंय. वाट बघी होतंय मी. तीन वर्सां वाट बघी होतंय."

बाबली चादरीतून तिच्याकडे बघत होता. त्याला केसाचं ठाऊक नव्हतं. असतं तर कदाचित त्याला वाईट वाटलं असतं, कदाचित हसूही आलं असतं. त्या वेळी त्याच्या तोंडावर दोन्ही नव्हतं, नुसता ताप होता.

सुगंधा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "बाबल्या, आयक. किल्ली करवंटेखाली आसा. समाजलंस? करवंटेखाली. मी नसलंय तरी दार उघडूचा आणि आत जावचा." आणि मग रडत ओरडली, "शिरा पडो तुझ्या त्या हट्टार!"

"बरां," बाबली म्हणाला.

आम्ही दोघींनी मिळून त्याला आत नेलं. ताप उतरायला आठवडा गेला.

परवा तो पुन्हा कामावर गेला. दुपारी एकला आला, अंगणातल्या दगडावर पाय धुतले, कोयता ठेवला. मी खिडकीत होते. पडवीत येऊन तो कठड्यापाशी थांबला. बराच वेळ थांबला. करवंटीकडे बघून मग त्याने माझ्या खिडकीकडे तोंड केलं आणि वर्गात हात वर करून विचारायचा तसा मोठ्याने म्हणाला,

"बाई, उघडतंय हां!"

"उघड रे बाबा," मी म्हटलं. "घर तुझा आसा."